घर्षण नगण्य मानावे

पुस्तकात एक उतार आहे. गुळगुळीत, तीस अंशांचा.
त्याच्या माथ्यावर एक ठोकळा, ना नाक ना डोळे.
खाली बारीक अक्षरांत सूचना:
घर्षण नगण्य मानावे.

मागच्या दाराच्या पायरीवर बाबा
पक्कड लावून बुटाचा सोल उपटतोय.

आमच्याही गावाला उतार आहे.
मोंतच्या चर्चखालून निघतो तो लिव्रामेंतूपर्यंत,
दोन किलोमीटर डांबर, मध्ये चिंचोळी वळणं,
दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींवर मांजरं.
त्यावरून वेताच्या टोपलीत बसून पाहुणे घसरतात.
टोपलीला इंजिन नाही, चाक नाही.
खाली लाकडाच्या दोन धावा, त्यांना चरबीचा हात.
आणि ब्रेक?
उजवा ब्रेक माझा बाबा, झेफेरीनू.
डावा ब्रेक बाल्ताझारकाका, त्याचा गुडघा दुखतो.

लहानपणी मी विचारलं होतं,
चरबी लावून घसरवायचं, मग टायरचे बूट घालून अडवायचं,
हा कुठला उद्योग?
बाबा म्हणाला, पाहुण्याची टोपी उडाली पाहिजे,
डोकं नाही.

दोना ग्रासिएते बाईंनी परवा वर्गातलं कपाट ढकलायला लावलं.
मी ढकललं, ते हललं नाही.
रुई ढकलू लागला, तरी नाही.
जेवढं तुम्ही ढकलता, बाई म्हणाल्या,
तेवढंच ते उलट ढकलतंय, जास्त नाही, कमी नाही,
पण त्याचीही एक हद्द असते.
तिसरा हात लागला आणि कपाट एकदम सुटलं.
सुटल्यावर मात्र दोघांचा जोर पुरला.
हे मी घरी सांगितलं तर बाबा हसला:
पहिला हिसका जड, हे माझ्या खांद्याला विचार.

मी गणित करते.
घर्षण शून्य. उतार तीस अंश. लांबी दोन हजार मीटर.
उत्तर येतं: तळाशी वेग सेकंदाला एकशे चाळीस मीटर.
म्हणजे तासाला पाचशे किलोमीटर.
म्हणजे ठोकळा लिव्रामेंतूला थांबणार नाही,
केळीच्या बागा, बाजार, बंदरातली जहाजं,
सगळ्यांवरून जाऊन समुद्रात.
पुस्तकाच्या मागे उत्तर बरोबर असल्याचं लिहिलंय.

मंगळवारी पहाटे धुकं उतरलं होतं, रस्ता ओला.
तिसऱ्या वळणावर बाबाचा उजवा सोल निघून गेला.
रबर गेलं, उरलं चामडं, आणि ओल्या डांबराला चामडं
म्हणजे हाताला साबण.
बाल्ताझारकाकाने दुखरा गुडघा वाकवून
टोपली आडवी केली, भिंतीला वेत खरवडला, थांबली.
आतली बाई खळखळून हसत होती.
तिला वाटलं, हा खेळाचाच भाग.
तिने पाच युरो दिले. दोघांनी वाटून घेतले.

ते बाबाने मला सांगितलं नाही.
काकाच्या मुलीने, मिलितीनाने सांगितलं.

आता मी ठोकळ्याला बाण काढते.
एक सरळ खाली, वजनाचा.
एक उताराला काटकोनात, रस्त्याचा उलटा रेटा.
तिसरा, उताराच्या वरच्या दिशेने,
पुस्तकात नसलेला.
त्याला गवती टोपी काढते.
पाय काढते. पायांत बूट.

उतारावर काळी लकाकी दिसते ना,
ती वर्षानुवर्षांच्या सोलांची आहे.
त्यातली थोडी आमच्या घरातली.

“झालं का गणित?” बाबा विचारतो.
झालं, पण पुस्तकातलं.
“मग इकडे ये, या बुटावर उभी राहा.
गोंद धरेपर्यंत हलू नकोस.”

मी उभी राहते.
एकेचाळीस किलो, गुणिले नऊ पूर्णांक आठ:
चारशे न्यूटन, सरळ खाली,
जळक्या रबराच्या वासात.
बाबा दुसऱ्या बुटाकडे वळतो.