निम्म्यापर्यंत

मिरजेत, स्टेशनरोडच्या आतल्या बोळात
इलाही मुजावरांचं दुकान.
दारातल्या गोणपाटाला ॲसिडची भोकं,
मुजावरांच्या पँटीलाही, गुडघ्यापासून खाली.

मॅटाडोर आम्ही जुनी घेतली.
पूर्वी तिच्यातनं पावाच्या लाद्या जायच्या,
दार सरकवलं की अजून खमिराचा वास येतो.
पलंग बसवला, शेगडी बसवली, टपावर सोलरची पाटी.
राहिली बॅटरी.

हे म्हणाले, गाडीला आहे तसलीच अजून एक टाकू.
मुजावर हसले. "लाइनमन ना ओ तुम्ही?
ती म्हंजे गोफणीतला दगड. एकदा जोरात, की झालं.
रात्रभर पुरवून पुरवून द्यायला जाड प्लेटीची लागती.
काय काय लावणार तिच्यावर?"

एक दिवा. एक पंखा. मोबाईल.
पुढं हे दुकानातलं कॅलेंडर वाचायला लागले,
म्हणून मीच सांगितलं :
श्वासाचं मशीन. झोपेत थांबतो ह्यांचा.

तेहतीस वर्षं खांबावर चढले हे.
सावळज, मणेराजुरी, द्राक्षबागांच्या मोटारी,
रात्री-अपरात्री वीज जोडून दिली,
कुणाला किती गेली कधी मोजली नाही.
आता पुठ्ठ्यावर पेन्सिलनं मुजावर मोजत होते :
मशीनचे चाळीस, पंख्या-दिव्याचे पंधरा,
एका रात्रीला पंचावन्न.
"आणि निम्म्याच्या खाली उतरवायची न्हाई कधी.
एकशेदहा झाले. दीडशेची न्या,
ढगाळ दिवस काय सांगून येतोय?"

मग ग्रॅव्हिटीची नळी दिली, काचेची, वर रबरी फुगा.
मी ती डोळ्याच्या रेषेत धरली,
वॉर्डात धरायचे तशी, बुडबुडा जाईस्तोवर.
मुजावर गप्प झाले.
"सिस्टर, तुम्हाला शिकवायला नको."

तरी शिकवलंच.
पाणी डिस्टिलच, बोअरचं थेंबभरही नको.
आधी चार्जिंग, मग पाणी. प्लेटी उघड्या पडू द्यायच्या नाहीत.
ॲसिड आपण होऊन कधी ओतायचं नाही.
पेटीला बाहेर नळी काढायची, वायू साठतो.
टर्मिनलला व्हॅसलिन.
आणि उपाशी ठेवून विसरायची नाही,
आतनं पांढरी खपली धरते, मग अन्न लागत नाही अंगी.

मी चार्ट केला, खाटेला अडकवायचो तसला.
सहा घरं, सहा आकडे, दर अमावास्येला.
बाराशेचाळीस, बाराशेचाळीस,
तिसरं घर बाराशेवीस. जरा अशक्त आहे.
हे विचारतात, "आज कसं आहे तिसऱ्याचं?"

दंडोबाच्या पायथ्याला मुक्काम होता,
श्रावणातले सलग दोन दिवस, ऊन म्हणून नाही.
रात्री मला जाग आली ती शांततेनं.
मशीनची घरघर बंद.
हे उताणे, मुखवटा छातीवर,
डोळे टक्क उघडे.

"बारा पॉइंट एक झाला होता," हे म्हणाले,
"निम्मा. मुजावर म्हणाला होता ना."
"मग झोपला का नाही?"
"झोपलो की थांबतो."

बटण दाबलं. पट्टा कानामागनं नीट घेतला.
बोलायचं पुष्कळ होतं, सगळं ओठावर आलं होतं,
एवढंच म्हटलं,
"तिला वॉरंटी आहे."

पहाटेला अकरा पॉइंट नऊ.
इंजिन सुरू केलं, तासभर तसंच घुरघुरत ठेवलं,
समोरच्या झाडावरचे वानर वैतागून निघून गेले.
दिवसभर ऊन पडलं.
संध्याकाळी हे चष्मा लावून पलंगाखाली शिरले,
नळी तिसऱ्या घरात बुडवली,
आणि आतनंच ओरडले,
"अगं, लिहून घे."