अंड्यावरचा आकडा

रादोमच्या दुकानात ग्राझिना
खोका उघडून बघते, फुटकं नाही ना एखादं.
इगा शिक्के वाचते:
शून्य म्हणजे मोकळं रान,
तीन म्हणजे पिंजरा.
शाळेत शिकवलंय.
आता ती अंड्यांकडे नाही, आईकडे बघते.

पगाराला अजून नऊ दिवस.
हिशेब ग्राझिनाला तोंडपाठ,
आणि पिंजरा काही अगदीच परका नाही;
रात्रपाळीत तिच्या टेबलाची रुंदी
मोजायला आजवर कुणी आलं नाही.
ती तीनचाच खोका उचलते.

उकळल्यावर
शिक्का पुसट झाला, गेला नाही.
इगानं अंडं सोललं,
आकड्याचा तुकडा तेवढा
बशीच्या कडेला पालथा ठेवला,
अर्धं अंडं आईपुढे सरकवलं,
आणि मीठ मागितलं.