पाणलोट क्षेत्र

सुमेधने तक्ता केलाय. सतरा घरं, अकरा रकाने:
शाळेचा शेरा, बागेपर्यंतची पावलं, ओल, ट्रॅम,
रात्री दहानंतर रस्त्यावर कोण असतं.
शेवटच्या रकान्याला नाव नाही. तिथे तो नुसतं
‘हं’ लिहितो, किंवा ‘हं?’

आज आल्ट्रिंगमचं स्थळ.
एजंट पोरगा उंबऱ्यातच म्हणाला,
इथे लोक शाळेसाठीच येतात,
आणि नेमका त्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला
जिथे ताज्या रंगाखालून ओल वर चढत होती.
बाकी सगळे गुण जुळतात,
मुलाला जरासा खोकला आहे म्हणतात ना, तसं.
गार्गी वरच्या खोलीत गेली, खिडकीत टाचा उंचावून पाहिलं,
खाली येऊन म्हणाली,
इथून कुणीच दिसत नाही.

कौन्सिलच्या पत्रकात आहे:
गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश,
शून्य पूर्णांक चारशे बारा मैल.
हे घर चारशे एकोणीसवर.
म्हणजे अकराएक मीटर.
लंगडी घालत जाता येईल एवढंच.

मला ते शेवटचं मूल आठवत राहतं, न पाहिलेलं.
आपण शेवटचे, हे त्याला कुणी सांगितलं नसणार.
दप्तर सावरत शिरलं असेल आत,
मोजा घसरलेला.
आणि त्याच्या पलीकडच्या घरातलं,
ज्याचा आकडा पत्रकात नाही,
ते त्या सकाळी कुठल्या बसला बसलं?

बाबांना फोनवर सांगितलं.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं, शब्द लगेच ओळखला.
‘कॅचमेंट म्हणजे पाणलोट. मग सोपं आहे,
उतार बघ.’
म्हटलं, इथला उतार पैशाचा आहे बाबा,
आणि तो वर जातो.
ते थोडे थांबले.
‘आम्ही थेंबाला पत्ता विचारत नव्हतो.’
मग चष्मा पुसल्यासारखा आवाज आला, आणि:
‘तलावाखाली गेलेल्या घरांना मात्र
विचारायला हवं होतं.’

शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहिले.
परक्या मुलांकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही,
म्हणून बंद फोन कानाला.
पिवळ्या लांब कोटातला म्हातारा, हातात गोल पाटीची काठी,
त्याने विचारलंच: ‘तुमचं कुठलं?’
‘अजून कुठलंच नाही.’
‘म्हणजे घर बघताय.’
बर्नार्ड त्याचं नाव. नऊ वर्षं याच पट्ट्यांवर,
कुठल्या पोराची बूटाची नाडी सुटते ते पाठ.
‘जवळच राहता?’
हसला. दोन बस बदलून येतो.
नातवाची शाळा तिकडचीच. ‘छप्पर गळतं तिचं.
बाई चांगल्या आहेत.’
एवढं बोलून काठी उचलली, रस्त्याच्या मधोमध गेला,
दोन्हीकडच्या महागड्या गाड्या थांबल्या,
आणि मुलं निघून गेली
त्याच्या दोन्ही बाजूंनी, वाहत.

लेव्हनशुल्मला परतलो तेव्हा अंधार.
पॅसेजमधला दिवा पुन्हा गेलेला.
गार्गी लंगडी घालत सुटली, मोठ्याने मोजत,
झैनबबाईंच्या दारापर्यंत सव्वीस,
आणि दार तिच्या आधीच उघडलेलं,
आतून तळलेल्या कांद्याचा वास.

सुमेधने तक्ता उघडला. ‘हं? की नुसतं हं?’
मी म्हटलं, अकरा मीटर लिही.
तो म्हणाला, असा रकाना नाही.

उद्या चारशे सहावरचं घर बघायचंय.
जाणार आहोत आम्ही, सकाळी दहाला.
ओल नाही म्हणतात.