तीन इंच

सदतीस इंची चार टायर
टेम्पोतून खाली टाकले तेव्हा
उद्यमनगरातल्या आमच्या बोळात
लेथवरचा पोरगाही हात पुसत बाहेर आला.
कोऱ्या रबराचा वास
आणि अंगभर बारीक बारीक केस,
चार दिवसांच्या रेडकाला असतात तसे.
दस्तगीर शिकलगारनं एकावर थाप मारली :
"मेस्त्री, हे गाडीला बसवायचं
का गाडी ह्याला?"

गाडी मिलिटरीच्या लिलावातली.
हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा.
मालकीण रेणू इंगवले, जनावरांची डॉक्टर.

ताराबाई पार्कात मिरवायला
मोठी चाकं लावून घेणारे पुष्कळ येतात.
त्यांना आकडा सांगताना माझी जीभ अडत नाही.
हिनं खिशातून सुतळी काढली.
सुतळीला एक गाठ.
म्हणाली, गगनबावड्याच्या वरच्या अंगाला
धनगरवाड्याच्या वाटेवर जांभ्याचा एक दगड आहे.
ह्या गाठीएवढा उंच.
म्हैस अडलेली असते
आणि माझी गाडी त्याच्यावर पोट टेकून बसते.

मी सुतळी गाडीखाली धरली.
वीस सूत कमी पडत होतं.

आता हिशेब असा,
आणि हा कुणालाच पटत नाही :
एकतीसचं चाक सदतीस केलं
तर गाडी सहा इंच उचलत नाही.
तीनच उचलते.
उरलेले तीन वर जातात,
मडगार्डात शिरतात,
स्टेअरिंग पुरतं मोडलं की पत्रा खातात.
ज्यानं उंच व्हायचं
त्यानं स्वतःच्या डोक्यावरचीही जागा मागायची.

"कापा," ती म्हणाली.

दस्तगीरनं जुने टायर घण मारून सोडवले,
नव्यांच्या कडांना साबणाचं पाणी लावलं,
टॉमी घातली, गुडघा रोवला, शिवी दिली.
हवा भरताना सगळे चार पावलं मागं.
ठाक.
मग थोडा वेळ नुसतीच हवा.
मग दुसरी ठाक,
आणि रबर रिंगेवर बसलं.

मी खडूनं कमान आखली.
ग्राइंडर लावला. ठिणग्या
तिच्या चपलेपर्यंत गेल्या, ती हलली नाही.
कापलेली पत्र्याची फाक खाली पडली.
बोळातल्या कुत्र्यानं ती हुंगली
आणि सोडून दिली.

नट आवळायचे ते शेजारचे लागोपाठ नाही.
एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा.
हे मला कुणी शिकवलं आठवत नाही.
घरात दोन भाऊ भांडले की
आमची आई अशीच समजूत घालायची,
एकाला थोडं, मग दुसऱ्याला थोडं,
पुन्हा पहिल्याकडं.

एक चाक विटांच्या ढिगावर चढवून पाहिलं.
कुठं घासत नाही. दोन बोटं जातात.

निघताना सांगितलं, मॅडम,
आजपासून तुमचा मीटर खोटं बोलणार.
तो साठ म्हणेल तेव्हा तुम्ही सत्तरच्या वर असाल.
गगनबावडा पंचावन्न किलोमीटर,
हा सेहेचाळीसच मोजेल.
चाक मोठं झालं, की कमी फेऱ्यांत तीच वाट होते,
आणि मीटरला बिचाऱ्याला फेऱ्याच कळतात.
ती हसली. "मग माझं वयही कमी मोजेल का?"
दस्तगीर म्हणाला, "ब्रेक जरा आधी दाबा."

महिन्याभरानं नट तपासायला आली.
विचारलं, टेकली का?
"नाही. चार सुतांनी सुटली."
मग सुतळी काढली.
तिला आता दोन गाठी होत्या.
"त्या दगडामागं दुसरा आहे.
आधी तिथवर कधी पोचलेच नव्हते."

मी काही बोललो नाही. पान्हा घेऊन खाली बसलो.
टायरवरचे केस झडून गेले होते.
आतल्या अंगाला, जिथं रस्ता पोचत नाही,
तेवढे राहिले होते.