चौकडीची वही

नातवाची गणिताची वही, अर्धी कोरी राहिलेली.
एका चौकोनात एक आकडा बसावा अशी सोय.
मी त्यात बसवतोय
बत्तीस वर्षांची राणी.

वराडकर गुरुजी म्हणाले, लिहा.
आठवणी लिहा, मधे मधे कविता घाला,
कलावंत लिहितात हल्ली.
म्हणून रोज ओसरीवर बसतो, मासळीवाली येऊन जाईपर्यंत,
आणि लिहितो: ‘माझा जन्म परुळ्यात झाला.’
त्यापुढे तीन दिवस काही नाही.

त्याचं असं आहे,
आमच्या नाटकाला कागद नसतो.
देवळामागे तोंडाला सफेदा लावता लावता
मालक सांगतो: आज हा राजा, तू ती राणी,
वनवास आहे, शेवटी देव येतो.
बास. बाकीचं ज्याच्या त्याच्या तोंडात.
समोरचा बोलतो, मग माझं मला सुचतं.
या वहीत समोर कोण उभं आहे?
मी म्हणतो ‘महाराज’,
आणि पान नुसतं बघत राहतं.

एक कविता केली मधे. समुद्रावर.
लाटांना वाटा, किनाऱ्याला सहारा.
खरं तर समुद्र मी पाहिला तो पहाटेचा,
डोक्यावर पेटारा, भोगव्याहून निवतीकडे जाताना,
खोबरेल तेलानं अर्धाच उतरलेला रंग,
एक भुवई राणीची, एक माझी.
रापण ओढणारे विचारायचे, ‘वैनी, खंय चल्लंस?’
मीही लाजून दाखवायचो.
ते काही कवितेत आलं नाही. पान फाडलं.
मागच्या बाजूला पाढे होते, नातवाचा ओरडा खाल्ला.

लुगड्याचं मात्र लिहिलं.
सुगंधाचं लग्नातलं, जांभळं, जरीकाठी.
पहिल्या हंगामाला नेलं, मग दर कार्तिकात तेच.
तिच्या भावाच्या लग्नाला ती घरच्या पातळात गेली
आणि त्याच रात्री आजगावच्या जत्रेत
तिचं लुगडं नेसून मी स्वयंवराला उभा.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ‘जांभळं’वर काट.
वर लिहिलेलं, ‘वांगी’.

मग गुणाजी.
गुणाजी धुरी, माझा राजा. सतरा हंगाम.
तो बसला की बाकडं सिंहासन व्हायचं,
उठला की पुन्हा बाकडं.
वालावलला एका रात्री, ऐन दरबारात
तो बोलता बोलता थांबला. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला.
मग त्याच भरदार आवाजात म्हणाला,
‘प्रिये, आमच्या कोठारात तांदूळ उरला नाही.
चार दिवस झाले.’
लोक हसले. त्यांना वाटलं, वनवासाची तयारी.
मला कळलं कुठलं कोठार.
मी उत्तर दिलं. नक्की दिलं,
कारण टाळ्या आठवतात, झांज आठवते,
त्याच्या गालावरून खाली आलेली हिंगुळाची रेघ आठवते.
मी काय म्हणालो ते आठवत नाही.

इथे पाच ओळी सोडल्यात.
गुणाजी साथीत गेला.
पेटीवाल्याला ऐकू येत नाही.
बाकीचे जत्रेचे लोक, खाजं घेऊन घरी गेले.

काल वही उघडली तर सोडलेल्या जागेत शिसपेन्सिल.
सुगंधाचं अक्षर, तिसरीपर्यंतचं,
एका चौकोनात एक, शाळेत शिकवलं तसं:
‘तांदूळ मियां दिलंय. दोन पायली.
राणयेन धाडल्यान, असा सांगलंय.
अजून परत येवक नाय.’

ती आत पेज गाळत होती, पाठमोरी.
‘महाराणी,’ मी ओसरीवरूनच म्हटलं,
जुन्या आवाजात, जमला तसा.
आतून झाकण आपटल्याचा आवाज आला.

तो कसा लिहायचा?