चुकलेले

वेंगुर्ले बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत
चहावर साय धरेपर्यंत तोच वाद:
बावतीस मोठा, की गुरुनाथ गिरप,
की हा आताचा शार्दूल कुबल,
परदेशी लीगमध्ये ज्याचं आडनाव घेताना
समालोचकाची जीभ अडखळते.

सायकलवाला बाबल म्हणतो,
"बावतीसाक तुमी बघूक नाय, मगे बोलतास कित्याक?"
पोरं मोबाइल पुढे धरतात.
त्यात शार्दूल हवेत, पुन्हा हवेत,
संथ गतीत तर खाली यायचं नावच नाही.
बावतीस कशातच नाही.
आहे तो माझ्या वहीत, कसर लागलेल्या.

मी गुण लिहायचो. एकतीस वर्षं.
शाळेमागे जांभ्याचं मैदान, खाऱ्या वाऱ्याने गंजलेली कडी,
आणि चामड्याचा बॉल,
जो ऑगस्टात फुगून नारळाएवढा जड व्हायचा.
बावतीस डिसोजा अनवाणी यायचा.
पुढे मुंबईच्या गिरणीने त्याला उचललं,
हजेरीपटावर फिटर,
पगार मात्र बास्केट टाकायचा.

त्याच्या काळी तीन गुणांची रेघ नव्हती.
कुठूनही टाका, दोनच.
पण फार लांबून पडला की मी आकड्याशेजारी
एक बारीक टिंब द्यायचो.
नियम नव्हता तसा. माझी हौस.

बेळगावच्या पलटणीविरुद्ध, सदुसष्ट साली:
एकतीस गुण, बारा टिंबं.
परवा रात्री दिवा ओढून घेतला आणि हिशेब मांडला.
एकतीस अधिक बारा, त्रेचाळीस.
पेन्सिल खाली ठेवली.
परत उचलली.
रेघ असती तर पलटणीचा एखादा गडी
तिथे हात वर करून उभा राहिला असता ना!
एवढ्या लांब त्याला कोण अडवणार होतं,
जिथे अडवून काही वाचत नव्हतं?
त्रेचाळीस खोडले. एकतीसही जरा हलल्यासारखे वाटले.

गुरुनाथाचं वेगळंच.
तो ऐन भरात असताना रेघ आली.
रंग ओला असल्यासारखा तिच्याकडे बघायचा,
आणि नेमका अंगठा तिच्यावर.
पंच दोन बोटं दाखवायचे.
बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झाला;
अजून उंबरठा ओलांडताना
पाय किंचित मागे घेतो.

मे महिन्यात शार्दूल घरी आला.
वही काखेत मारून गेलो.
सहा फूट सात इंच पोरगा अंगणात बसून फणस फोडत होता,
हाताला गोडंतेल.
टिंबं त्याने एकेक करून वाचली, लहान मूल वाचतं तशी.
मग मैदानावर आला माझ्यासोबत.
तिथे आता जाळी वाळत घालतात.
पावलं मोजली, जाळी उचलून बाजूला केली,
जागेवर उभा राहिला.

"इथून? दोनासाठी?
मग आत का नाही गेला?"

म्हटलं, "आत पलटणीचे बूट होते, बाबा.
कडीखाली गर्दी झाली की बोटं चिरडायची.
गिरणीने बूट दिले, त्यानंतर तो आत घुसू लागला.
टिंबं तिथे संपतात. पान उलट, बघ."

त्याने पान उलटलं नाही.
आपल्या पायांकडे बघत होता,
कंपनीने त्याच्या नावाने काढलेल्या जोडाकडे.
त्या जोडाची किंमत बाबलने कधीची सगळ्या बंदराला सांगून टाकलीय.

मग खेळाडूच विचारेल असा प्रश्न त्याने विचारला:
"बारा पडले. टाकले किती?"

भरती मैदानाच्या कडेला आली होती.
कुणाची तरी बायको जाळी आवरायला धावली,
आम्हाला दोघांना शिव्या घालत.

एकतीस वर्षं, सव्वीस वह्या.
चुकलेले मी लिहीतच नव्हतो.