दुरुस्ती

गुरुवारी अंक निघतो.
बुधवारी रात्री शेवटचा हात मी फिरवते,
वीस वर्षं हेच: मेंढ्यांचे भाव, भरती-ओहोटीच्या वेळा,
कोणाचा तरी हरवलेला कुत्रा.
त्या रात्री अकरा ओळींची बातमी आली.
हॉय बेटाच्या पश्चिमेला खेकड्यांची होडी उलटली,
दोघे गेले.
तिसरा, एर्लेंड इस्बिस्टर, अनस्केद्ड.

मी शब्द तसाच जाऊ दिला.
चांगला शब्द आहे. एका कॉलमात मावतो.

सोमवारी तो दारात उभा.
टोपी हातात, दहाही बोटं शाबूत,
कुठे खरचटल्याची खूण नाही.
म्हणाला, "तो शब्द काढा."
छापून झालेला कसा काढू?
"मग अर्थ तरी सांगा."

मी जाडा कोश ओढला, धूळ त्याच्याच बाहीवर उडाली.
'अन' म्हणजे नाही.
'स्केद' म्हणजे इजा. नॉर्स गलबतांतून आलेला,
याच धक्क्यावर उतरवला असेल कधी, लोकरीच्या गाठोड्यांसोबत.
पण आता एकटा 'स्केद' कोणी बोलत नाही.
'स्केदिंग' उरलंय, ते जिभेचं, टीकाकारांच्या कामाचं.
इजा भाषेतून केव्हाच बुडाली;
तिचं नसणं तेवढं वर तरंगतंय,
खाली पिंजरा आहे की दोर तुटलाय
हे न सांगणाऱ्या बोयासारखं.

आणि वापर?
'सुटला', 'बाहेर पडला', यांच्या मागोमाग.
मंत्री पडतात बाहेर असे, बँकाही.
बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल, लांबून.
स्वतःबद्दल म्हणणारे असतील;
त्या पानावर नव्हते.

त्याने ऐकून घेतलं.
"थोरा आत्या अजून म्हणते. 'स्केथ', असं.
घरी पोचलो तर दारातच विचारलं,
काय स्केथ झालं रे तुला?
बाकी सगळे म्हणाले, नशीबवान आहेस."

काय सांगितलंत?

"केटल.
उकळी येऊन शिट्टी वाजली की मी अंगणात जातो.
मॅन्सीच्या जॅकेटला शिट्टी होती.
अंधारात दिसत नव्हता, पण वाजवत होता.
पाऊण तास."

मी विचारलं नाही, मग?
तोच म्हणाला,
"मग वारा होता नुसता."

गुरुवारी, पान सात, मेंढ्यांच्या भावांखाली:
गेल्या अंकात एर्लेंड इस्बिस्टर यांच्याविषयी
एक शब्द चुकून छापला गेला.
तो मागे घेत आहोत.

शुक्रवारभर फोन.
कोणता शब्द?
म्हणजे लागलंय का त्याला? कुठे?
डॉक्टर तर म्हणाले होते...
एका बाईंनी वर्गणी बंद करण्याची धमकी दिली.
थोरा आत्याचा फोन आला नाही.

हल्ली सोमवारी येतो तो,
बसतो, अंक चाळतो, फार बोलत नाही.
आमच्या ऑफिसातली केटल विजेची आहे.
वाजत नाही ती,
खटकन बंद होते.